प्रसादाचा हात

चारकोपच्या मैदानात मंडप उभारला होता आणि रांग थेट रिक्षा स्टँडपर्यंत गेली होती. अमृतनाथ महाराज मधुमेह उतरवत होते, तोही सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. भक्ताने उजव्या हातावर पेढा घ्यायचा, खायचा. मग सेवेकरी त्याच हाताच्या बोटाला सुई टोचून मशीनवर साखर मोजायचा आणि माइकवरून सांगायचा, तीनशे वीस! महाराज त्या हातावर तांब्याभर तीर्थ ओतायचे. पुन्हा सुई, पुन्हा आकडा, एकशे तीस. लोक हात जोडायचे.

“साखर म्हणजे मागल्या जन्मीच्या पापाची गोडी,” महाराज सांगत होते. “ती मी ओढून घेतो.” इतक्या जणांची साखर ओढूनही महाराज चांगले गुटगुटीत होते.

शीतल उपनगरातल्या एका साप्ताहिकाची वार्ताहर. संपादक नंदकिशोर यांनी तिला कार्यक्रमाची बातमी आणायला पाठवलं होतं. मागच्या अंकातली बातमी महाराजांच्या माणसांनीच लिहून दिली होती आणि साहेबांनी ती जशीच्या तशी छापली होती : मालाडची महिला इन्सुलिनमुक्त. ही महिला कोण, कधी बरी झाली, कुठल्या डॉक्टरांनी तपासलं, असं शीतलने तेव्हा विचारलं होतं. बातमीदारीत पहिल्या दिवशी हेच प्रश्न शिकवतात. नंदकिशोर म्हणाले होते, “अगं, छापायला काय जातं?”

आता तीच बातमी फलकाएवढी मोठी करून मंडपाच्या दाराशी लावली होती. शीतलने रांगेत विचारून पाहिलं. त्या महिलेला कोणीच भेटलेलं नव्हतं. सगळ्यांनी पेपरात वाचलं होतं.

रांगेत तिला शेजारची कमळ दिसली. कमळची मुलगी रुचिका लहानपणापासून इन्सुलिनवर होती. पोरगी आईच्या खांद्यावर मान टाकून उभी होती, ओठ सुकलेले, श्वास जोराजोरात चाललेला. महाराजांच्या सांगण्यावरून कमळने इंजेक्शन बंद केलं होतं. शीतल म्हणाली, आधी हॉस्पिटलला चल. कमळ ऐकेना. डॉक्टर म्हणतात जन्मभर टोचा, इथे एका तीर्थात उतरते, असं तिचं म्हणणं.

“पेपरात आलं होतं ना, शीतल,” ती म्हणाली. “तुझ्याच पेपरात.”

सगळे प्रश्न विचारून झाले होते, एकच उरला होता : हे होतं कसं? तिने नीट पाहिलं. पेढा खाऊन हात कोणीच धूत नव्हतं. प्रसादाचा हात धुवायचा नसतो, बोटं डोक्यावरून फिरवायची असतात.

पेपरवाली म्हणून तिला लगेच पुढे घेतलं. तिने पेढा खाल्ला, बोट पुढे केलं. तीनशे पाच. महाराजांचा चेहरा खुलला, भगिनींचा रोग जुना आहे म्हणाले. शीतलने तीर्थ नाकारलं. पिशवीतल्या बाटलीच्या पाण्याने हात धुतला, पुसला आणि पुन्हा टोचून घेतलं. ब्याण्णव.

“मला मधुमेह कधीच नव्हता,” ती लोकांकडे वळून म्हणाली. “पेढ्याची साखर बोटाला राहते आणि रक्ताच्या थेंबात मिसळते. हात धुतला की जाते. हे माझ्या घरच्या नळाचं पाणी आहे.”

सेवेकऱ्याने माइक बंद केला. महाराज कलियुगावर काहीतरी बोलू लागले, पण कमळ पुढे आली होती. तिने रुचिकाचा हात स्वतः धुतला, पुसला. मशीनवर आकडाच आला नाही. साखर मशीनला मोजता येईल त्याच्याही वर गेली होती.

तिथून रिक्षाने हॉस्पिटल. डॉक्टरांनी शर्थ केली, पण उशीर झाला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी रुचिका गेली. कमळ रडलीसुद्धा नाही. पोरीचा टिफिन मांडीवर घेऊन बसून राहिली.

शीतलने बातमी लिहिली. कोण, काय, कुठे, कधी, कसं, सगळं पहिल्याच परिच्छेदात. ‘का’पाशी नंदकिशोर यांचं पेन थांबलं. तिथे लिहिलं होतं, ‘या साप्ताहिकाने खातरजमा न करता छापलेल्या बातमीवर आईने विश्वास ठेवला म्हणून.’

“‘उपचारांना उशीर झाल्याने’ असं करू,” ते म्हणाले.

“तुम्ही म्हणाला होतात ना, छापायला काय जातं?” शीतल म्हणाली. “एक पोर गेलं, साहेब.”

नंदकिशोर यांनी पेन खाली ठेवलं. बातमी पहिल्या पानावर तशीच गेली, शेवटच्या ओळींसकट : ‘चमत्कार सांगणाऱ्याला विचारा, कोणी पाहिला, कोणी तपासला, कसा झाला. उत्तर मिळेपर्यंत औषध बंद करू नका. छापून आलं म्हणून काहीही खरं मानू नका. आम्ही छापलेलंसुद्धा.’