माझी करकर कोणाच्या मालकीची?

मित्रांनो, मी एक जुने दार आहे, आणि गोष्ट सुरू करण्याआधी तुम्ही कोण, कोणाकडे आलात, हे विचारायची मला सवय आहे. रागावू नका. संशय घेणे हा आम्हा दारांचा पिढीजात धंदा. फार हसत येणारा माणूस काहीतरी मागायला आलेला असतो, एवढे तर मी चौकटीत उभ्या उभ्याच शिकले.

सुताराने मला घडवले तेव्हा मी गुळगुळीत आणि मुके होते. एका वकिलाच्या घराला मी पुढचे दार म्हणून बसले. पुढे खालची बिजागरी किंचित वाकली आणि मला कंठ फुटला. आधी खोल कण्हणे, मग लांबलचक बारीक करकर आणि शेवटी एक उचकी. वकिलाच्या पोरांना मी डोळ्यांसमोर नको असे, कारण माझ्यामुळे त्यांना चोरून बाहेर सटकता येत नव्हते. घर पाडले तेव्हा मी भंगारात गेले आणि पोरे सुटली.

भंगारातच मला आवाजवाले भेटले. चित्रपटात नट चालतो, पण पावलांचा आवाज बहुधा आवाजवाल्यांसारख्या कोणीतरी आपल्या खोलीत बसून काढलेला असतो. किल्ल्या, बूट, भांडी, फाटकी छत्री, सगळ्यांकडून ते काम करून घेत. त्यांनी मला एकदा लोटले, डोळे मिटले आणि पुन्हा लोटले. मग चौकटीसकट उचलून मला त्यांच्या कामाच्या खोलीत मधोमध उभे केले. अलीकडे खोली, पलीकडेही तीच खोली. राखायला काही नव्हते, तरी मी राखण करत राहिले.

ते माझे सोन्याचे दिवस. भीतीचा प्रसंग आला की मला बोलावणे ठरलेले. आवाजवाल्यांची लेक माझ्याभोवती खेळतच मोठी झाली. तिला सगळे रेडिओ म्हणत, कारण ती बोलायला लागली की बंद करायचे बटण सापडत नसे.

एकदा एक गोडबोल्या गृहस्थ आला. एका कंपनीच्या आवाजांच्या संग्रहासाठी नमुना हवा, म्हणाला. आवाजवाले पडले भोळे सांब. त्यांनी त्याला चहा पाजला आणि मला लोटायलाही मदत केली. त्याने माझी करकर पुन्हा पुन्हा टिपून घेतली, पण संग्रहात नाव काय लिहू, हे एकदाही विचारले नाही. माझ्या मनात तेव्हाच शंकेची पाल चुकचुकली. पण दाराचे कोण ऐकतो?

रेडिओने मोठेपणी स्वतःचा चित्रपट केला. एक आई मुलाची वाट बघते, आणि दार वाजले की उठते, एवढीच गोष्ट. दार अर्थात मी. तो तिने एका सरळमार्गी संकेतस्थळावर ठेवला, जिथे थोडे भाडे भरून घरबसल्या चित्रपट बघता येतात. तिच्या आईने सगळ्या नातेवाइकांना बजावले, "फुकट मागायचं नाही हं. पोरीने वर्षभर राबून केलाय."

थोड्याच दिवसांत चित्रपट गायब. हक्कभंगाच्या तक्रारीवरून काढला आहे, असे तिथे लिहून आले. त्या ठिकाणी एक यंत्र प्रत्येक चित्रपटातले आवाज ताडून पाहते. त्याच्या लेखी माझी करकर गोडबोल्याच्या कंपनीच्या मालकीची होती.

घरात संशय शिरला की त्याला दार दाखवता येत नाही.

"बाबा, तुम्ही हा आवाज कोणाला विकला होता का?"

"मी? तूच कुठून तरी उचलला असशील. हल्ली सगळं नेटवर मिळतं."

"मी या दारासमोर माइक धरून उभी होते. दार तुम्हीच लोटत होतात."

आवाजवाल्यांना तेव्हा गोडबोल्या आठवला. ते खाली बसले. जुन्या टेप त्यांनी काटकसर म्हणून केव्हाच पुसून पुन्हा वापरल्या होत्या, त्यामुळे पुरावा काहीच नव्हता. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, ते हेच.

रेडिओने खुलासा पाठवला. यंत्राने उत्तर दिले. तिने पुन्हा पाठवला, तर तेच उत्तर शब्दशः परत आले. तक्रार कायम राहिली असती तर तिथे तिचा पुढचा कोणताही चित्रपट लागला नसता. शेवटी कंपनीने कबूल केले की आमचा तपासनीस येऊन दार ऐकेल. ते तसेच वाजले तर तक्रार मागे घेऊ.

बापलेक तपासनिसाला आणायला स्टेशनवर गेले आणि रेडिओची आई घर आवरू लागली. तो कशासाठी येतोय, हे तिला कोणी सांगितलेच नव्हते. एवढा मोठा माणूस येणार आणि दार असे करकरणार? तिने सुताराला बोलावले. त्याने मला खालून रंधले, दोन्ही बिजागऱ्या नव्या बसवल्या आणि जुन्या बिजागऱ्या पिशवीत टाकून नेल्या. वाटेत कुठे विकल्या, देव जाणे. मला बोंब मारायची होती, पण ज्यातून मारायची तेच गेले होते.

तपासनिसाने मला लोटले. मी लोण्यासारखे उघडले.

"दार तर गप्प आहे," तो म्हणाला.

"पाहुणे येणार म्हणून मीच सुताराला बोलावलं," रेडिओची आई म्हणाली.

रेडिओने आईकडे पाहिले. क्षणभर त्या नजरेतही संशय होता. आयुष्यभर मी संशयाची पाठराखण केली, पण तो तिथे पाहून मला लाज वाटली.

तपासनीस वाईट नव्हता. बॅग उचलताना तो म्हणाला, "वाईट वाटतं हो. सिनेमा छान आहे तुमचा. आई शेवटी दार उघडते ना, तिथे मला भरून आलं."

"तुम्ही कुठे पाहिलात? तो तर काढून टाकलाय."

तो बॅगेच्या चेनशी खटपट करू लागला. "असतो हो कुठे कुठे. कोणीतरी लिंक पाठवली होती."

"मग तिथून काढायला लावा ना."

"त्यासाठी आधी तो तुमचा ठरायला हवा. कागदोपत्री अजून वाद आहे."

शेवटी एकच वाट उरली. आवाजवाल्यांनी चामड्याचा ओला पट्टा पिळून नवी करकर काढली. रेडिओने ती माझ्या जागी लावली, आणि चित्रपट हक्काच्या ठिकाणी परत आला. चोरांच्या ठिकाणी मात्र मी अजून माझ्याच आवाजात बोलते.

मित्रांनो, कोणाची काळजी घ्यायची तर आधी त्याच्या माणसांना विचारा. आणि रेडिओचा चित्रपट भाडे भरूनच पाहा, पट्ट्याचा आवाज सहन करा. त्या भाड्यावर तिचा पुढचा चित्रपट उभा राहायचा आहे.

रेडिओची आई मात्र दुपारी घरात कोणी नसले की माझ्या शेजारी येऊन बसते. फोनवर ती चोरलेली प्रत लावते आणि माझा प्रसंग आला की पदराने डोळे पुसते. मग पुन्हा मागे नेऊन ऐकते. तिला तेवढे माफ करा.