बाइंडरकाकांच्या दुकानातला स्लो कुकर

मित्रांनो, ताईंचे पत्र आले त्या दिवशी माझ्या पोटात मैद्याची खळ शिजत होती. बाइंडरकाकांनी पत्र उभ्या उभ्या वाचले, घडी घातली, पुन्हा उघडून वाचले आणि शिवायला घेतलेल्या एका जाड पुस्तकाखाली ठेवून दिले. त्या पत्राला उत्तर गेले नाही. आठवडा गेला, दुसरा लागला, तरी गेले नाही.

हे सगळे मी दुकानातल्या फळीवरून पाहत होतो. मी स्लो कुकर आहे. बाहेरून पत्र्याचा, आतून मातीचा, वर काचेचे झाकण. वयाने जुना आहे, पण आजवर एकदाही दुरुस्तीला गेलेलो नाही, हे आधीच सांगून टाकतो. दिवसभर मंद आचेवर अन्न शिजवणे हे माझे काम. पुस्तके चिकटवायची खळ शिजवणे हे माझे काम नव्हे. ते माझ्या वाट्याला कसे आले ते सांगतो, पण आधी पत्राचे सांगू द्या.

ताई म्हणजे काकांची थोरली बहीण. त्या दुसऱ्या गावी एकट्या राहतात आणि शिवणकाम करतात. त्यांना कमी ऐकू येते, फोनवर तर काहीच नाही, त्यामुळे बहीण-भावाचे सारे बोलणे पत्रांतून चालते. त्यांनी लिहिले होते की महिनाअखेरीस खुब्याचे ऑपरेशन ठरले आहे, आणि त्यानंतर दीड महिना ओट्यापाशी उभे राहायचे नाही अशी डॉक्टरांची ताकीद आहे. तू येऊन राहशील का? जमणार नसेल तर मी शुश्रूषागृहात खाट धरून ठेवते, पण लवकर कळव, तिथे खाट मिळायची मारामार असते. पत्रात एवढेच होते. काका रोज संध्याकाळी कोरा कागद घेत, 'प्रिय ताई' लिहीत आणि पेनाला टोपण लावून टाकत.

आता माझे ऐका. माझे मातीचे भांडे भट्टीतून बाहेर आले तेव्हा एका कामगाराने त्यावर बोटाचे पेर आपटून पाहिले. आवाज खणखणीत आला. हा टिकणार, असे त्याने शेजारच्याला सांगितले. मित्रांनो, जन्मताच कोणी असे बोलून गेले की स्वतःबद्दल फारसा संशय उरत नाही. माझ्या पत्र्याच्या आत, भांड्याच्या भोवती, तापणारी तार गुंडाळलेली आहे. ती हळूहळू तापते. मला घाई करता येत नाही, आणि कोणी केलेली आवडतही नाही.

मला काकूंनी आणले. काकू दाताच्या दवाखान्यात काउंटरवर बसत आणि संध्याकाळी थकून घरी येत. म्हणून त्या एक रविवार धरत आणि दोन आठवड्यांची जेवणे भरून ठेवत. टेबलावर गाजरे, कांदे, लाल भोपळा, कोंबडी, मसूर, आले-लसूण असा पसारा मांडायच्या. सगळे चिरून, मसाला लावून, जाड प्लास्टिकच्या पाकिटांत कच्चेच भरायच्या, पाकिटातली हवा तळहाताने दाबून काढायच्या आणि पाकिटे फ्रीझरमध्ये टाकायच्या. आदल्या दिवशी एक पाकीट फ्रिजच्या खालच्या कप्प्यात उतरवले की सकाळपर्यंत ते मऊ होई. मग ते माझ्या पोटात रिकामे करायचे, झाकण लावायचे, बटण फिरवायचे आणि दोघांनी आपापल्या कामाला निघून जायचे. घर दिवसभर रिकामे असे, आणि त्या रिकाम्या घरात मी एकटा काम करत असे. संध्याकाळी कुलूप उघडले की वास आधी दारात यायचा.

काकांना एवढेच ठाऊक होते की झाकण उघडले की आत जेवण असते. पुस्तकातून डोके वर न काढता ते म्हणत, छान झाले आहे. कधी कधी तर वाढून घेण्याच्या आधीच म्हणत. काकू माझ्याकडे बघून हसत.

पुढे काकू आजारी पडल्या आणि महिन्याभरात गेल्या. फ्रीझरमध्ये पाकिटे होती तोवर काका जेवले. ती संपल्यावर ते पाव खाऊ लागले.

मी बरेच दिवस कपाटावर पडून होतो. मग थंडी आली. थंडीत खळ लवकर निवते आणि तिच्यात गुठळ्या होतात. मंद आच धरणारी वस्तू घरात आहे हे काकांना आठवले आणि त्यांनी मला दुकानात नेले. मित्रांनो, काम मिळाले याचा मला आनंद झाला नाही असे नाही. पण ज्या भांड्यात भोपळ्याचे सूप रटरटले त्यात ब्रश बुचकळला जाऊ लागला, याचे वाईट वाटायचे ते वाटलेच.

एके दिवशी धाकटी दुकानात आली. ही काकूंची धाकटी बहीण. ती नर्स आहे, आणि वॉर्डातले एक फाटके औषधांचे पुस्तक शिवून घ्यायला आली होती. तिने सवयीने माझे झाकण उचलले आणि नाक आत घातले.

"भावोजी, हे काय शिजतंय?"

"खळ."

"कुणाला वाढायचीय?"

पुस्तकांना, असे काका अगदी सरळपणे म्हणाले. धाकटी स्टुलावर बसली. माईचा कुकर हा, माईचा, असे ती दोनदा म्हणाली. काकूंना ती माई म्हणायची. मग नर्सच्या आवाजात तिने विचारले की खळीला कीड लागू नये म्हणून त्यात विषारी मोरचूद घालता का. काकांनी सांगितले की ते रोज ताजी खळ करतात, नुसता मैदा आणि पाणी, कधी काही घातलेले नाही. म्हणजे घासून निघेल, असे ती म्हणाली आणि माझा जीव भांड्यात पडला.

मग तिने काकांच्या जेवणाची चौकशी केली. पाव, हे उत्तर तिला पुरले नाही. बोलता बोलता पत्राची गोष्ट निघाली. काकांनी ते पुस्तकाखालून काढून तिच्या हातात दिले. ती म्हणाली, मग जा ना, अडलंय कुठे. काका बोटाला चिकटलेली सुकी खळ सोलू लागले.

"मागे तिला ताप होता म्हणून गेलो होतो," ते म्हणाले. "तिसऱ्या दिवशी ती अंथरुणातून उठून माझ्यासाठी स्वयंपाक करत होती. आता परत गेलो तर तिला रांधायला एक माणूस वाढेल. आणि नाही येत म्हणून लिहायला हात धजत नाही."

धाकटीने पत्राची घडी घातली. "तुम्हाला स्वयंपाक शिकवायला मला एक जन्म लागेल, भावोजी. पाकिटं भरायला एक रविवार पुरे."

त्या रविवारी मला आधी गरम पाण्यात भिजवले, मग घासले, मग वास घेऊन पुन्हा घासले. दुकानामागेच काकांचे घर आहे, तिथल्या टेबलावर मी पुन्हा बसलो. काकांनी गाजरे चिरायला घेतली आणि शेजारी पोलादी पट्टी ठेवली. प्रत्येक तुकडा अर्ध्या इंचाचा. धाकटीने विचारले की या गाजरांना पुठ्ठे पण लावणार का. पण मी सांगतो, एकसारखे तुकडे एकसारखे शिजतात. अशी गाजरे माझ्या पोटात कधी आली नव्हती.

धाकटी सांगत गेली आणि काका मान डोलावत गेले. लाल राजमा कच्चा कधी पाकिटात भरायचा नाही. रात्रभर भिजवून, पाणी बदलून, गॅसवर खळखळून चांगला शिजवायचा आणि मग भरायचा, कारण माझी मंद आच त्याला पुरेल इतकी तापत नाही आणि अर्धकच्चा राजमा पोटाला बाधतो. बटाटा गोठला की भुसभुशीत होतो, तो आयत्या वेळी ताजा घालायचा. पाणी थोडेच, कारण झाकणाखालून वाफ कुठे जात नाही. आणि दगडासारखे गोठलेले पाकीट माझ्यात कधीही टाकायचे नाही. शेवटचे ऐकून मला फार बरे वाटले. तापलेल्या मातीवर बर्फ पडला तर ती तडकते, आणि आमच्यातले कित्येक असेच गेले आहेत.

पहिली पाकिटे भरली आणि काकांना एक कल्पना सुचली. पाकीट सपाट आणि सारख्या जाडीचे हवे, असे धाकटी म्हणाली होती. सपाट करण्याचे यंत्र काकांच्या दुकानात होतेच. बांधलेली पुस्तके दाबायचा तो लोखंडी शिकंजा. ती हात धुवायला गेली तेवढ्यात काकांनी टोमॅटो आणि कोंबडीचे पाकीट शिकंज्यात ठेवले आणि दांडा फिरवला. पुस्तक दाबताना फिरवतात तितका फिरवला.

आवाज मला घरात ऐकू आला. टोमॅटो छताला लागला होता. काका परत आले तेव्हा त्यांच्या चष्म्यावरून मसाला ओघळत होता. ते खुर्चीत बसले आणि म्हणाले की हे आपल्याकडून व्हायचे नाही, ताईला खाट धरू दे. त्यांनी हे रागाने म्हटले नाही. ठरलेली गोष्ट सांगावी तसे म्हटले, आणि म्हणूनच मला भीती वाटली.

धाकटीने त्यांचा चष्मा काढून धुतला. धीर वगैरे दिला नाही.

"माईची पहिली पाकिटं आठवतात?" तिने विचारले. "सगळी एकावर एक रचली आणि त्यांचा एकच गोळा झाला. तिने हातोडीने फोडला तो. तुम्ही ते जेवलात आणि छान झालंय म्हणालात. त्यात प्लास्टिकचा तुकडा होता, भावोजी."

 काकांचे खांदे हलू लागले. ते हसत आहेत हे कळायला मला थोडा वेळ लागला, कारण बऱ्याच दिवसांत मी तसे पाहिले नव्हते.

त्यानंतर जे केले ते काकांनी एकट्याने ठरवले. दुकानातून त्यांनी पुठ्ठ्याचे कोरे तुकडे आणले, ते मेणकागदात गुंडाळले आणि प्रत्येक पाकीट दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये घालून फ्रीझरमध्ये आडवे झोपवले. शिकंजा नाही. वर फक्त एक हलके पुस्तक, तेही पिशवीत घालून. दुसऱ्या दिवशी पाकिटे निघाली ती पाटीसारखी सपाट. काकांनी ती पुन्हा फ्रीझरमध्ये उभी लावली, पुस्तकांच्या कपाटात लावतात तशी, आणि वरच्या कडेवर पट्ट्या चिकटवल्या. गाजर-मसूर. भोपळा-आले. कोंबडी-टोमॅटो. राजमा. धाकटी फ्रीझरचे दार उघडून बघतच राहिली. इतकी वर्षे झाली तरी माझ्या फ्रीझरमध्ये पाकीट शोधायला मला निम्मे पदार्थ बाहेर काढावे लागतात, असे तिने कबूल केले, आणि दोन कोरे पुठ्ठे मागून नेले.

पण ताईंना खायला घालणे म्हणजे पाकिटे रचणे नव्हे. बुधवारी काकांनी एकट्याने मला लावले. गाजर-मसूर. मी कामाला लागलो. अर्ध्या तासाने त्यांनी झाकण उचलले. मित्रांनो, माझे झाकण उचलले की सगळी ऊब निघून जाते आणि मला पुन्हा पहिल्यापासून जमवाजमव करावी लागते. त्यांनी ते दिवसभर उचलले. जेवणाच्या वेळी गाजरे कचकच वाजली आणि काकांनी ती तशीच खाल्ली.

शुक्रवारी धाकटी जेवायला येणार होती. सकाळी भोपळा-आले माझ्यात ओतल्यावर काकांनी पुस्तके शिवायचा मेण लावलेला दोरा घेतला, झाकणाच्या मुठीतून ओवून माझ्या दोन्ही कानांना बांधला आणि बाइंडरची घट्ट गाठ मारली. मग दुकानात निघून गेले. मध्ये दोनदा येऊन माझ्यासमोर उभे राहिले. गाठीकडे पाहिले आणि परत गेले. मी त्या दिवशी जसा शिजवला तसा भोपळा आधी क्वचितच शिजवला असेल. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. मला माझे काम येते.

धाकटी ड्यूटीवरून आली तेव्हा तिचे पाय सुजले होते. काकांनी तिला उठू दिले नाही. स्वतः दोरा कापला, स्वतः वाढले, आणि पुस्तक न घेता तिच्यासमोर बसले. तिने पहिली वाटी संपवली. मग म्हणाली की मीठ कमी आहे, आणि पुन्हा वाढून घेतले.

"ताईला चालेल?" काकांनी विचारले.

"दोनदा वाढून घेतलंय मी. मला काय विचारताय, तिला विचारा."

ती गेल्यावर काकांनी कागद घेतला. त्यांना लिहिलेले पुटपुटत वाचायची सवय आहे, म्हणून मला सगळे कळले. प्रिय ताई, खाट धरू नकोस. मी गुरुवारी येतो. ऑपरेशनच्या आधी तुझा फ्रीझर भरून ठेवतो. स्लो कुकर घेऊन येतो आहे, त्याला ओट्यावर प्लगपाशी जागा कर. जेवण मी करीन आणि तू उठायचे नाहीस. उत्तराला उशीर झाला. तुझा भाऊ.

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखे एखादे भांडे असेल, तर ते तापलेले असताना त्यात गार पाणी ओतू नका, आणि सारखे झाकण उचलून बघू नका. आणि संध्याकाळी त्यातून आयते जेवण निघाले, तर ते कोणत्या रविवारी, कोणी उभे राहून भरले होते, हे एकदा विचारा. छान झाले आहे, हे जेवून झाल्यावर म्हणा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला पुसून दुकानातल्या टेबलावर ठेवले होते, प्रवासाची पिशवी शेजारी होती. दुकानासमोर गल्लीच्या पलीकडे टपालपेटी आहे. दार उघडे असल्याने मला सगळे दिसत होते. काका पेटीपाशी गेले, पत्र फटीत अर्धे सरकवले आणि तसेच धरून उभे राहिले. त्यांच्या मागे एक बाई आपले पत्र घेऊन येऊन थांबली. तिने थोडा वेळ वाट पाहिली.

"टाकताय ना, काका?" ती म्हणाली.

"हो, टाकतोय," काका म्हणाले, आणि त्यांनी हात सोडला.