परसातली वासाबी

मिसाओचा बाप तोमेजी अकरा वर्षांत पहिल्यांदा तिच्या घरी जेवायला येणार होता, आणि तेही लेकीसाठी नव्हे, गुडघ्यासाठी. इझूच्या डोंगरातल्या डॉक्टरने हात टेकले म्हणून त्याला लेकीच्या शहरातल्या, हिरात्सुकाच्या, मोठ्या इस्पितळात धाडलं होतं. तपासणी सकाळी, परतीची गाडी तीनला. मधल्या वेळात म्हातारा जाणार कुठे? जेवायला काही असेल का, एवढंच त्याने फोनवर विचारलं होतं.

असेल का म्हणे! मिसाओने आठवडाभर घर घासलं.

तिला त्याच्याकडून एकच गोष्ट हवी होती. तू गेलीस आणि मला करमलं नाही, एवढं त्याने एकदा, कसंही, म्हणावं. एकुलती एक, आईवेगळी पोर, ओढ्यातल्या वासाबीच्या, त्या नाकात झिणझिणणाऱ्या हिरव्या खोडाच्या, वाफ्यांत रांगत वाढलेली. तिने विम्याच्या कचेरीतल्या शुहेईशी लग्न करून समुद्रकाठचं शहर गाठलं, तेव्हा बाप रागावला असता तरी चाललं असतं. तो नुसता "बरं" म्हणाला आणि बूट चढवून पाण्यात उतरला. पुढे दर नव्या वर्षाला ती माहेरी जायची आणि तो तिच्याशी हवापाण्याचं बोलायचा. गेल्या साली त्याने वाफे शेजाऱ्याला कसायला दिले, तेही तिला शेजाऱ्याकडूनच कळलं.

तिला मात्र करमत नव्हतं. घोट्यांना कापत जाणारं ते गार पाणी तिला इथल्या कुठल्याच नळात सापडलं नाही. मागे एकदा माहेरून निघताना तिने दोन रोपं ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळली आणि न विचारता पिशवीत घातली. चोरीच ती. परसात, भिंतीच्या ज्या कोपऱ्यात ऊन पोचत नाही, तिथे टबात खडी भरून तिने ती लावली. नळाचं पाणी आधी दिवसभर उघडं ठेवायचं, मग घालायचं, वर बांबूच्या पडद्याची सावली, ऑगस्टात बर्फ. शुहेई म्हणायचा, माझ्या बिअरला बर्फ नाही आणि तुझ्या लाडोबाला थंडगार सरबत.

एक रोप पहिल्याच उन्हाळ्यात कुजलं. दुसऱ्याने तग धरला. अडीच वर्षांत त्याचं खोड झालं करंगळीएवढं. ओढ्यात ते एवढ्या काळात वीतभर होतं.

जेवायला तिने डोंगरातलाच बेत केला होता. वाफाळता भात, त्यावर सुक्या माशाचा कीस, किसलेली वासाबी आणि सोयाचे चार थेंब. सकाळी तिने मधलं खोड काढून घेतलं, भोवती फुटलेली पिल्लं टबात राहू दिली. दारात बापाचा खोकला ऐकू आला आणि तिला काही सुचेना. काहीतरी करायचं म्हणून तिने ते खोड शार्कच्या कातड्याच्या किसणीवर तेव्हाच किसून टाकलं. वासाबीवाल्याच्या पोरीने करू नये ती चूक. किसलेल्या वासाबीचं आयुष्य पाव तासाचं, मग उरतो नुसता हिरवा चोथा.

आणि तोमेजी पानावर बसलाच नाही. जावयाशी दोन शब्द बोलून तो परसात गेला आणि टबासमोर, गुडघा दुखत असूनही, उकिडवा बसला. भात गार होईल, हाक मार, शुहेई म्हणाला. मिसाओची हिंमत झाली नाही. तो एकेक पिल्लू सोडवून वेगळं लावत होता. खिडकीतून ते बघताना तिला वासाबीचं भानच राहिलं नाही. चांगल्या अर्ध्या तासाने तो हात धुवून आत आला.

"वरच्या वाफ्यातली आहेत," तो म्हणाला.

तिने मान खाली घातली.

"दोन होती."

"एक गेलं, बाबा."

"पाणी वाहतं हवं. साचलं की स्वतःच्याच तिखटपणाने खुंटते ती." एवढं बोलून तो जेवायला बसला. म्हणजे रोपं नेल्याचं याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, आणि दर वर्षी हा आपल्याशी पावसाचंच बोलत होता.

त्याने पहिला घास तोंडात घातला तेव्हा कुठे तिला आठवलं की वासाबी किसून अर्धा तास उलटला होता. तोमेजीने घास हळूहळू चावला. मग त्याचे डोळे भरले. एक थेंब गालावरून हनुवटीपर्यंत आला, तो त्याने पुसलाही नाही.

"झोंबली," तो म्हणाला.

शुहेई हसून म्हणाला की वासाबीची तारीफ रडूनच करतात अशी म्हण आहे, ती काही उगाच नाही.

मिसाओ स्वयंपाकघरात गेली. किसणीवर उरलेली वासाबी तिने बोटाने निपटून जिभेवर ठेवली. काही नाही. काकडीचा कीस खावा तशी. आणि हा तोच माणूस, ज्याने सख्ख्या भावाच्या लग्नात, सगळ्या पाहुण्यांदेखत जेवणाच्या काड्या खाली ठेवून "पाणचट आहे" म्हणून सांगितलं होतं. वासाबीच्या बाबतीत त्याने देवाचीही भीड धरली नसती. बाहेर तो जावयाला सांगत होता की असली जहाल वासाबी शहरात मिळायची नाही.

ती ओट्याला धरून उभी राहिली. तिला आनंद झाला, आणि आनंदापेक्षा जास्त वाईट वाटलं. अकरा वर्षं याने त्या डोंगरात एकट्याने कशी काढली असतील?

मग डोळे पुसून, उरलेल्या वासाबीची बशी घेऊन ती बाहेर आली.

"बाबा, आणखी वाढू?"

त्याने वर न बघता वाडगा पुढे केला.

"वाढ," तो म्हणाला. "जरा जास्तच वाढ."