फोटोच्या कडेचे हात

माझ्या अंगावरचं रबर सुटत आलं आहे, पट्ट्याला घामाचा जुना वास आहे आणि भिंगाच्या एका कोपऱ्यात ओलीनं बुरशीचं बारीक जाळं विणलं आहे. ओळखलंत का, मित्रांनो? मी एक जुना कॅमेरा. धाराशिवजवळच्या बेंबळी गावात, राजपाल यांच्या फोटो स्टुडिओत माझा मुक्काम असतो. नव्या कॅमेऱ्यांच्या रांगेत मी म्हातारा दिसतो, पण डोळा अजून शाबूत आहे.

माझा जन्म दूरदेशीच्या एका कारखान्यात झाला. तिथं पांढरे हातमोजे घातलेल्या हातांनी माझ्या पोटात एक आरसा बसवला. समोरचं माणूस आधी त्या आरशात उतरतं. बटण दाबलं की आरसा वर उचलला जातो, आणि खट्याक! तेवढ्या क्षणी माझ्या खिडकीला डोळा लावून बसलेल्यालाही अंधारच दिसतो. समोरच्या माणसाला तेव्हा फक्त मी बघत असतो. हे लक्षात ठेवा, पुढं त्याचं काम पडणार आहे.

राजपाल यांनी मला सोलापुरातून आणलं, तेव्हा मी नवाकोरा होतो. त्यांनी मला मांडीवर घेऊन मऊ फडक्यानं पुसलं होतं. मग काय विचारता! लग्नं, साखरपुडे, जयंतीची मिरवणूक, शाळेच्या ओळखपत्रांचे फोटो. राजपाल यांची एकच शिस्त होती. हनुवटी वर, खांदे सरळ, पापणी मिटायची नाही. त्यामुळं साऱ्या गावाचे फोटो एकाच आईची लेकरं असल्यासारखे दिसत.

आमच्याकडं एक रीत आहे. वय झालेली माणसं हिंडती-फिरती असतानाच एक चांगला फोटो काढून ठेवतात, आपल्या माघारी भिंतीवर लावायला. ज्यांचा राहून जातो, त्यांची मुलं रडून सुजलेल्या डोळ्यांनी आधार कार्ड घेऊन येतात आणि यावरूनच मोठा करा म्हणतात. त्या कार्डावरचा चेहरा घरातल्या कुणालाच आपल्या माणसाचा वाटत नाही, तरी त्यालाच हार घालावा लागतो.

पुढं हलके, झटपट कॅमेरे आले, प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आला. मी पिशवीत गेलो आणि पिशवी वरच्या फळीवर गेली. किती पावसाळे मी तिथं अंधारात पडून होतो, मला सांगता यायचं नाही. भिंगातली बुरशी तेव्हाचीच.

एके दिवशी पिशवीची चेन उघडली आणि आत उजेड आला. राजपाल यांची लेक पौर्णिमा मला बाहेर काढत होती. कॉलेज सुटलं की ती मला गळ्यात अडकवून गावभर फिरू लागली. सुरुवातीला तिनं मोबाइलवर पाहिलेल्या फोटोंची नक्कल केली. कधी मागचं सगळं धूसर, कधी चौकट तिरकी, कधी सगळंच काळं-पांढरं. फोटो चांगले यायचे, पण दुसऱ्या कुणीतरी काढून दिल्यासारखे. ती एकेक फोटो निरखायची आणि पुसून टाकायची. यात माझं असं काय आहे, हा प्रश्न ती तोंडानं कधी बोलली नाही. पण मला धरलेली तिची बोटं तो प्रश्न रोज विचारायची.

उत्तर तिला स्टुडिओच्या मागच्याच घरात सापडलं. तिथं रुद्रम्मा राहायच्या. कपाळावर विभूतीचे पट्टे, कष्टानं वाकलेली पाठ. त्या ज्वारीच्या कडक भाकरी करून तुळजापूरच्या खानावळींना पाठवत. लहानथोर सगळे त्यांना अव्वा, म्हणजे आई, म्हणत. पौर्णिमा त्यांच्या स्वयंपाकघराच्या दारात उभी राहायची. चौकटीतून आत जाणारा उजेड नेमका परातीवर पडायचा आणि त्यात अव्वांचे हात पीठ मळत, भाकरी फिरवत, तव्यातल्या भाकरीवर पाणी फिरवत. त्या हातांवर भाजल्याचे जुने डाग होते. पौर्णिमानं त्यांचे इतके फोटो काढले, की डोळे बांधूनही मी ते हात ओळखीन.

ती दारातच का उभी राहायची, हे तुम्ही विचाराल. तिच्या घरात बुद्धवंदना व्हायची, या घरात लिंगपूजा. आत येऊ नको असं तिला कुणी कधी म्हणालं नव्हतं. ये, असंही कुणी म्हणालं नव्हतं.

धाराशिवच्या एका प्रदर्शनात ते हातांचे फोटो लागले. बघणाऱ्या एका जाणकारानं सांगितलं, ही तुझी शैली आहे, ही सोडू नकोस. पौर्णिमानं ते वाक्य गाठीशी बांधलं. त्यानंतर तिनं हातांशिवाय काही टिपलंच नाही. राजपाल हसून म्हणायचे, "पोरी, माणसाला तोंडबी असतंय की गं."

अव्वांनीही तिला सांगून ठेवलं होतं, की भिंतीवरचा फोटो तूच काढायचा. पौर्णिमा होकार द्यायची आणि पुढं ढकलायची. एकदा भाकरी थापता थापता अव्वांनी एकाएकी मान वर केली आणि थेट माझ्यात बघून हसल्या. पौर्णिमाचं बोट दाबलं गेलं. फोटो सुरेख आला होता. पण तो हातांच्या फोटोंत बसेना, म्हणून तिनं पुसला.

खरं कारण मला ठाऊक होतं, मित्रांनो. हात कुणाकडं बघत नाहीत. चेहरा बघतो. कुणी तिच्याकडं बघू लागलं, की ती मला डोळ्यावरून खाली करायची. तिची शैली तिचीच होती, त्यात खोट नव्हती. पण त्या शैलीमागं थोडी भीतीही दडून बसली होती.

आणि मग अव्वांना धाप लागू लागली. दोन पावलं चाललं तरी भिंत धरावी लागे. सोलापूरच्या डॉक्टरांनी हृदयाची झडप बदलायला सांगितली. अव्वांचा मुलगा शिवानंद जीप ठरवून आला. दुपारी निघायचं ठरलं, तसा अव्वांचा निरोप आला, की आधी फोटो, मग जीप.

राजपाल त्या दिवशी नवे कॅमेरे घेऊन तामलवाडीच्या लग्नाला गेले होते. उरलो मी आणि पौर्णिमा. त्यात सकाळपासून वीज नव्हती. माझी बॅटरी जुनी, फुगलेली, पोटात कशीबशी बसणारी. तिच्यात थोडीशीच धग उरली होती. वाटेतच पौर्णिमाच्या तळहाताचा घाम मला लागू लागला.

अव्वा अंगणात खुर्चीवर बसल्या होत्या. ठेवणीतलं इरकली लुगडं, ताजी विभूती, हात मांडीवर. पौर्णिमानं वडिलांची शिस्त आठवून हनुवटी वर करायला सांगितली. खट्याक. अव्वांनी माझ्या पाठीवरच्या छोट्या पडद्यातला फोटो डोळ्यांजवळ नेऊन पाहिला आणि म्हणाल्या, "ही कोण बाई? हिला म्या वळखत न्हाय."

पौर्णिमानं खुर्ची हलवली, उजेड बदलला, हसायला सांगितलं. प्रत्येक वेळी तीच अनोळखी बाई. माझा बॅटरीचा दिवा लुकलुकायला लागला. शिवानंद जीपपाशी येरझारा घालत होता. दिवस कलायच्या आत तुळजापूरच्या पुढं जायला हवं, असं तो दोनदा सांगून गेला. पौर्णिमाच्या मनात काय चाललं होतं, ते मला तिच्या बोटांतून कळत होतं. पुसलेला तो हसरा चेहरा ती आठवत होती. उद्या काही बरंवाईट झालं, तर आधार कार्ड तिच्याच हातात येणार होतं.

अव्वा बसून थकल्या. भिंतीचा आधार घेत आत गेल्या आणि चुलीपाशी टेकल्या. सून दैवशाला दवाखान्याची पिशवी भरत होती. परातीत वाटेच्या भाकरींचं पीठ भिजवून तसंच राहिलं होतं. पौर्णिमा सवयीनं दारात थांबली आणि मला डोळ्याला लावलं. उजेड नेमका परातीवर होता. पण त्या उजेडात हात नव्हते. ते अव्वांच्या मांडीवर निपचित पडले होते. ते बघून पौर्णिमानं मला खाली केलं.

तेव्हा अव्वा म्हणाल्या, "यव्वा, पोरी, दारात किती दिस उभी राहणार? आत ये. माझ्या हातात जीव न्हाय. तू थाप एक भाकर."

दैवशालाचा पिशवी भरणारा हात थांबला. तिनं सासूकडं पाहिलं, पौर्णिमाकडं पाहिलं. मग तिनं परात पौर्णिमाच्या बाजूला सरकवली.

पौर्णिमा उंबरा ओलांडून आत आली. तिनं एक डबा उपडा घालून मला त्याच्यावर बसवलं आणि माझा डोळा अव्वांच्या चेहऱ्यावर नेमका धरला. मग हात धुऊन परातीपुढं बसली. पोरीला फोटो येत होते, पण भाकरीचं सांगू नका. पीठ बोटांना चिकटलं, कड फाटली, गोल म्हणता म्हणता तिचा एखाद्या जिल्ह्याचा नकाशा झाला. दैवशाला तोंडाला पदर लावून हसली. अव्वांनी कपाळाला हात लावला. त्या सांगू लागल्या, की दाबू नको, फिरव, पीठ आपसूक सरकतं. सांगता सांगता त्यांच्या बारीक झालेल्या आवाजात एक ओवी उमटली:

"थापते गं थापते, गोल येईना भाकर,
नवशिक्या गं हाताचं, पीठ होईना चाकर."

पौर्णिमानं मागं वळून पिठाच्याच बोटानं माझं बटण दाबलं. टायमर सुरू झाला. माझा लाल दिवा उघडझाप करू लागला आणि पौर्णिमा पुन्हा परातीकडं वळली. मित्रांनो, तेवढे दहा सेकंद मला जड गेले. पोटातली धग विझत होती. आरसा उचलायला बळ पुरेल का? पुरलं, तर अव्वा ऐन वेळी मान वळवतील का? दिवा भरभर लुकलुकला. पौर्णिमानं फाटकी भाकरी दोन्ही हातांवर उचलली, ती मधोमध लोंबली, आणि अव्वा पुढं वाकून तिच्या हातांकडं बघत राहिल्या. त्या चेहऱ्यावर काळजी होती, चेष्टा होती, माया होती. फोटो निघतोय हे त्या विसरल्या होत्या.

खट्याक. आरसा उचलला गेला, खाली आला, आणि माझ्यातलं सगळं अंधारलं.

भाकरी तव्यावर भाजून निघाली, तोवर बाहेर जीपचा हॉर्न वाजला. अव्वांनी भाजलेल्या भाकरीची कड मोडून तोंडात टाकली आणि उठता उठता विचारलं, "आला का गं फोटो?"

पौर्णिमानं माझं बटण पुन्हा पुन्हा दाबलं. मी उघडलोच नाही. "ठाऊक न्हाय, अव्वा," ती म्हणाली.

"असू दे. आल्यावर बघू."

जीप गेली. मी स्टुडिओच्या टेबलावर रिकाम्या पोटी पडलो होतो आणि पौर्णिमा बंद पंख्याकडं बघत बसली होती. फोटो माझ्या पोटातल्या कार्डावर उतरला की विझता विझता वाटेतच सांडला, हे मलाही ठाऊक नव्हतं. दिवेलागणीला वीज आली. तिनं कार्ड संगणकाला लावलं. फोटो आला होता.

चौकटीच्या मधोमध अव्वांचा चेहरा होता. खाली कडेला पिठानं माखलेले दोन नवखे हात आणि त्यांच्यावर लोंबणारी ती वेडीवाकडी भाकरी. पौर्णिमा कितीतरी वेळ बघत राहिली. यात माझं असं काय आहे, हा प्रश्न त्या दिवशी तिच्या बोटांनी मला विचारला नाही.

राजपाल लग्नावरून परतले. फोटो त्यांनी वाकून निरखला. मग म्हणाले, की फोटो लाखात एक आहे, पण भिंतीच्या फोटोत दुसऱ्याचे हात चालत नाहीत, तेवढे कापून टाक. पौर्णिमानं ते उद्यावर ढकललं. राजपाल यांनी फोटो छापला, पण फ्रेम केली नाही. माणूस दवाखान्यात असताना त्याच्या फोटोला काच लावायची नाही, हा त्यांचा नेम होता. फोटो खणात माझ्याशेजारी पडून राहिला. फोन वाजला की पौर्णिमाच्या हातातलं काम थांबायचं. आधी निरोप आला, ऑपरेशन झालं, पण अजून शुद्ध नाही. मग कितीतरी वेळ निरोपच आला नाही. 

अव्वा परत आल्या. लुगड्यात नुसती काडी उरल्यासारख्या, पण चालत आल्या. थेट स्टुडिओत येऊन स्टुलावर बसल्या. पौर्णिमानं फोटो त्यांच्या हातात दिला आणि खाली मान घालून सांगितलं, की कडेचे हात कापून देणार आहे. अव्वांनी फोटो दूर धरला, जवळ धरला.

"हां, ही म्या हाय," त्या म्हणाल्या. मग कडेच्या हातांवर बोट ठेवून म्हणाल्या, "हे राहू दे, यव्वा. ह्यांच्याकडं बघूनच तर म्या अशी दिसले."

तो फोटो आता अव्वांच्या स्वयंपाकघरात, चुलीसमोरच्या भिंतीवर आहे. त्याला हार नाही. अव्वा त्याच्याखालीच बसतात आणि पौर्णिमाला भाकरी शिकवतात.

पौर्णिमा अजून फोटो काढते. आधी उंबऱ्याच्या आत जाते, बसते, समोरच्याच्या कामाला हात लावते. मग मला एखाद्या डब्यावर ठेवते. तिच्या प्रत्येक फोटोच्या कडेला तिचे हात असतात, कधी शेंगा फोडताना, कधी लोकर पिंजताना, आणि मधोमध त्यांच्याकडं बघणारा एक चेहरा. लोक लांबूनच ओळखतात, की हा फोटो पौर्णिमाचा.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखा एखादा जुना कॅमेरा फळीवर पडला असेल. त्याला खाली काढा, ओलीपासून जपा. आणि घरातल्या ज्या माणसाचा चेहरा तुम्ही उद्यावर ढकलला आहे, त्याच्यापाशी आजच जाऊन बसा. मलाही पौर्णिमा अधूनमधून ब्रशनं झाडते, भिंग पुसते. माझ्या बटणाच्या खाचेत मात्र ज्वारीच्या पिठाचा एक कण अडकून राहिला आहे. तिथं आली की ती ब्रश हळूच बाजूनं नेते.