तांब्याचे वाळे

देवीदासने रेडिओची पाठ उघडली, आतले व्हॉल्व्ह एकेक काढून पुसले, पुन्हा घट्ट बसवले. तरी शॉर्टवेव्हवर नुसती खरखर. काल त्याच्या दुकानात हाच सेट खणखणीत बोलत होता.

"सेटले काई झालं नाई, काकाजी."

"मंग घरीच मुका काहून होते?" पुंजाजींनी विचारले.

त्यांची सून शकुन दारात मैनाला मांडीवर घेऊन बसली होती. नवऱ्याचे, भगवंताचे, पत्र कमरेला खोचलेले. लढाई थांबून महिना झाला होता. जवानांचे निरोप दिल्लीहून लावतात, त्यात आज एक वाजता आपला आवाज येईल, असे त्याने कळवले होते. मैनाने बापाचा आवाज अजून ऐकलाच नव्हता. पाऊण वाजून गेला होता.

देवीदास एरियल बघायला छपरावर चढला. उतरला तेव्हा त्याच्या हातात सुतळी होती. बांबूजवळची वीतभर तार कोणीतरी कापून नेली होती आणि कळू नये म्हणून मध्ये सुतळी ओढून बांधली होती. त्याचे दुकान मोर्णा नदीपलीकडे, जुन्या शहरात. नवी तार आणेस्तोवर दोन वाजणार.

तांदूळ निवडणाऱ्या चतुराबाईंचा, शकुनच्या सासूचा, हात सुपातच थांबला. छप्पनच्या धम्मदीक्षेनंतर पुंजाजींनी घरातले गंडेदोरे नदीत सोडले होते. तेव्हापासून घरात असल्या गोष्टींचे नावही निघत नसे. लेकरू झोपेत दचकते, बाधा टळावी म्हणून आठवड्यापूर्वी सासूबाईंनी मैनाच्या पायांत तांब्याचे वाळे घातले, तेव्हा शकुनलाही त्यांनी तेल्हाऱ्याच्या बाजारचे म्हणूनच सांगितले होते.

त्या उठल्या, नातीपुढे बसल्या. दोन्ही वाळे हलकेच उकलून त्यांनी देवीदासच्या हातावर ठेवले. नवऱ्याकडे पाहिले नाही.

"घे बाबा. तेवढीच होती तार."

देवीदास पुन्हा शिडी चढला. थोड्या वेळाने खरखर विरळ होत गेली आणि तिच्यातून, पाण्याखालून यावा तसा, भगवंता आला.

"माय, बाबा, मी खुशाल हाओ. शकुन, मैनाले जवळ घेऊन बस..."

शकुन तशीच बसली होती. उघडे पाय एकमेकांवर घासत मैना त्या पेटीकडे बघत राहिली.

दुसऱ्या जवानाचे नाव आले तसे पुंजाजींनी बटण फिरवले. मग चपला घालताना भिंतीकडे बघत म्हणाले,

"देवीदास, सांजेले नवी तार आणजो. अन् ते वाळे सांभाळून सोडवून देजो. लेकराच्या पायातले हायत."