वरचा कप्पा

कंपनीचं उत्तर वाचून आई हसली. बाबा गेल्यानंतर सात महिन्यांनी पहिल्यांदा हसली, आणि तेही अशा कागदावर, जो वाचून मी हातातला पेला भिंतीवर फेकायच्या बेतात होते.

बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. एका अकरा मजली इमारतीत लिफ्टच्या खड्ड्यात उतरून काम करत असताना बंद असलेली लिफ्ट अचानक चालू झाली आणि खाली आली. आम्ही नुकसानभरपाईचा दावा लावला. त्यावर कंपनीने कळवलं होतं, की मयत कामगाराने काम सुरू करण्यापूर्वी लिफ्टचा फ्यूज काढलाच नव्हता, अपघातानंतर फ्यूज जागच्या जागी सापडला, सबब मृत्यू त्याच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे झाला.

"निष्काळजी," आई डोळे पुसत म्हणाली. "आणि हे?"

आमच्या बाबांना ओळखणारं कुणीही हसलं असतं. घराबाहेर पडताना ते गॅस बंद आहे का हे तीनदा बघायचे आणि चौथ्यांदा आईला बघायला लावायचे. बल्ब बदलायला स्टुलावर चढले की स्टूल मी धरायचं, आणि मी नीट धरलंय की नाही ते बघायला आईने उभं राहायचं. मला सायकल शिकवली तेव्हा त्यांनी माझ्या गुडघ्यांना उशा बांधल्या होत्या. त्या अवतारात मैत्रिणींनी मला पाहिलं आणि पुढची चार वर्षं मी शाळेत चालत गेले.

"फ्यूज काढला नाही म्हणे," आई म्हणाली. "अगं, तो डब्यात असणार."

बाबांचा जेवणाचा डबा तीन कप्प्यांचा होता. खाली भात-भाजी, मधे काहीतरी गोड, आणि वरचा कप्पा रिकामा, धुऊन कोरडा केलेला. तो फ्यूजचा. काम सुरू करण्याआधी फ्यूज काढायचा, चिठ्ठीत गुंडाळायचा आणि डब्यात बंद करायचा, ही त्यांची तीस वर्षांची रीत. हत्यारांच्या पेटीतून कुणीही काहीही उचलतं, पण दुसऱ्याच्या जेवणाच्या डब्याला कुणी हात लावत नाही, असं ते म्हणायचे. एकदाच ही हुशारी अंगाशी आली होती. त्या दिवशी जेवायला सवड मिळाली नाही, डबा तसाच घरी आला आणि फ्यूजही आला. एक अख्खी इमारत दुसऱ्या दिवसापर्यंत जिने चढत राहिली. बाबांना लेखी ताकीद मिळाली. ती आईने कपाटात जपून ठेवली होती, कारण छापील कागदावर नवऱ्याचं पूर्ण नाव तिने पहिल्यांदाच पाहिलं होतं.

त्या दिवशीचा डबा आमच्याकडे होता. पंचनाम्यात 'जेवणाचा डबा एक, भरलेला' एवढीच नोंद होती. वास सुटेल म्हणून पोलिसांनी तो न उघडताच प्लास्टिकच्या पिशवीत घालून वर लाखेचं सील ठोकलं होतं. आईने ती पिशवी कपाटावर ठेवली होती आणि कपाटाच्या वर बघायचंच सोडलं होतं.

आता तिने स्टूल ओढलं. मी ते धरलं आणि दुसऱ्या हाताने वकीलबाईंना फोन लावला.

"हात लावू नका," वकीलबाई ओरडल्याच. "घरी उघडलात तर कंपनी म्हणेल, फ्यूज बायकोनेच घातला. तो आता सुनावणीत उघडायचा, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत."

सुनावणी लागायला अकरा महिने लागले. तेवढा काळ तो डबा आमच्या डोक्यावर बसून होता. एकदा मला राहवलं नाही. पिशवी कानाशी धरून मी हळूच हलवली. आत काहीतरी खुळखुळलं.

"बघ," आई म्हणाली.

"चमचाही असेल," मी म्हणाले. माझं तोंड असंच आहे.

आईने पिशवी माझ्या हातातून घेतली. मग म्हणाली, "चमचा नाहीये. मी घालायला विसरले होते." हे तिने इतक्या महिन्यांत कुणालाच सांगितलं नव्हतं. "ग्रीसच्या हातांनी त्यांनी डबा उघडला असेल, आणि आत चमचा नाही. शेवटच्या दिवशी मी चमचा नाही दिला गं त्यांना." मी तिच्या शेजारी जाऊन बसले.

मधे एकदा काका येऊन गेले. बाबांचे धाकटे भाऊ, स्वभावाने मऊ. कंपनीने तडजोडीचा कागद त्यांच्या हातीच पाठवला होता.

"वहिनी, करून टाका सही. देतायत तर घ्या. फक्त चूक दादाची होती एवढं एक वाक्य आहे मधे."

"मग ते वाक्य खोडून आणा, लगेच करते," आई म्हणाली आणि त्यांना चहा दिला. काका चहा पिऊन गेले. वाक्य काही खोडलं गेलं नाही.

खरं सांगायचं तर मी आईइतकी निश्चिंत नव्हते. मी चष्म्याच्या दुकानात काचा बसवते. बारा वर्षं झाली, हात बसलाय, तरी एखाद्या दिवशी डाव्या डोळ्याची काच उजवीकडे जाते. बाबांचाही तसा एखादा दिवस असेल तर? वरचा कप्पा रिकामा निघाला तर ते वाक्य सरकारी शिक्क्यासकट बाबांना कायमचं चिकटणार होतं. आणि आईचं हसू परत जाणार होतं. मला पैशाची नाही, त्या हसण्याची धास्ती होती.

सुनावणीची खोली छोटी होती. एक लांब टेबल, न उघडणारी एक खिडकी आणि उघडणारी एक. टेबलाच्या टोकाला निकाल देणारे साहेब, त्यांच्या हाताशी कारकून. कंपनीचे वकील गुळगुळीत बोलणारे होते.

"जेवणाच्या डब्यात फ्यूज?" ते म्हणाले. "साहेब, अशी कुठलीही पद्धत कंपनीच्या ऐकिवात नाही. ही गोष्ट दावा लावल्यानंतर रचलेली आहे."

वकीलबाईंनी कपाटातली ताकीद पुढे सरकवली. साहेबांनी ती मोठ्याने वाचली. "लिफ्टचा फ्यूज जेवणाच्या डब्यात घालून घरी नेल्याबद्दल आपणास सक्त ताकीद देण्यात येत आहे." खाली कंपनीचाच शिक्का होता. साहेबांनी ती पुन्हा एकदा वाचली, आणि ही दुसरी खेप केवळ हौसेची होती, हे सगळ्यांना कळलं.

मग डबा टेबलावर आला. कारकुनाने सील शाबूत असल्याचं लिहून घेतलं, पिशवी कापली आणि तो दोन पावलं मागे सरकला. दीड वर्षाचा डबा उघडायला कुणीच पुढे होईना. साहेबांनी उघडणारी खिडकी उघडायला सांगितली.

"मी उघडते," आई म्हणाली. "त्याची एक कडी अडते, तुम्हाला नाही जमायचं."

तिने कडी आधी आत दाबली, मग बाहेर ओढली. झाकण निघालं. मी डोळे मिटून घेतले होते, ते कारकुनाचा आवाज ऐकून उघडले. तो लिहिता लिहिता म्हणत होता, "फ्यूज एक. चिनी मातीचा. चिठ्ठीत गुंडाळलेला."

चिठ्ठीवर बाबांचं अक्षर होतं. तारीख, इमारत, आणि 'दहा वाजून पाच मिनिटांनी काढला'. मला एकदम रडू आलं आणि मी ते येऊ दिलं.

त्यानंतर कंपनीच्या वकिलांचं बोलणं तितकंसं गुळगुळीत राहिलं नाही. इमारतीच्या व्यवस्थापकाला साक्षीला बोलावलं होतं. तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, की नवव्या मजल्यावरचे पाहुणे खोळंबले होते, फ्यूज जागेवर दिसला नाही म्हणून कंपनीच्याच सुपरवायझरला फोन केला, त्याने दुसरा फ्यूज लावायला सांगितलं. खाली कुणी आहे का, हे दोघांपैकी कुणीच पाहिलं नाही. निकाल पुढच्या महिन्यात आला आणि आमच्या बाजूने आला, पण तो तिथेच लागल्यासारखा होता.

आईचं मात्र अजून झालं नव्हतं. तिने वरचा कप्पा उचलून बाजूला ठेवला.

"बाई, आता पुढचं उघडायची गरज नाही," साहेब म्हणाले.

"मला आहे."

मधला कप्पा रिकामा होता. भिंतींवर बोटाचे फराटे होते, कडेकडेने गोल फिरवून पुसून घेतल्याचे. अपघात झाला अकराला. बाबा जेवायचे एक वाजता. आई तीस वर्षं म्हणत आली होती, की तुम्ही गोड आधीच खाऊन टाकता, आणि बाबा तीस वर्षं शपथेवर सांगत आले होते, की छे, जेवल्यानंतर.

आईने त्या फराट्यांवरून अगदी हळू बोट फिरवलं. "चमच्याचं काही अडलं नाही म्हणजे," ती पुटपुटली, आणि मग तिला हसू आवरेना. हसता हसता रडू आलं आणि रडता रडता पुन्हा हसू. साहेबांनी पाण्याचा पेला स्वतः तिच्यापुढे ठेवला. खालचा कप्पा सर्वानुमते बंदच राहिला.

"आपल्याला आणखी काही नोंदवायचंय?" ती शांत झाल्यावर साहेबांनी विचारलं.

"हो," आई म्हणाली. "लिहा, माझा नवरा निष्काळजी नव्हता."

कारकुनाने लिहिलं.

"खोटारडा होता," आई पदराने डोळे टिपत म्हणाली. "पण ते नका लिहू."