पोत्याखालचा रांजण

"आला का गं?"

आई स्वयंपाकघरातून ओल्या हातांनीच धावत आली आणि मातीच्या भांड्यांच्या कारखान्याच्या उंबऱ्यावर थबकली. धाकटीच्या हातातलं लाकडी थापटणं हवेतच राहिलं. आपल्या हातून काय झालं ते तिला आता कळलं. गॅलरीवाल्या बाईंच्या फोनचा विचार करता करता तिचा हात नकळत दादाच्या तालावर गेला होता. दोन ठोके, जरासं थांबायचं, मग एक.

"मीच आहे, आई."

"तूच तर आहेस. मला दिसत नाही का?" असं म्हणून आईने हात उगाचच पुसले आणि आत गेली. मागे गॅसवर काहीतरी करपत होतं, पण तिला त्याचा वास आला नसावा.

मोठं भांडं करायची त्यांच्या घराची रीत अशी, की आतून गोल दगड धरायचा आणि बाहेरून थापटण्याने ठोकत भिंत पातळ करायची. दगड धरलेल्या हाताचा अंगठा आतल्या मातीत रुततो. एका दुपारी दादा असाच रांजण ठोकत बसला होता. अर्धा झाला, गळा राहिला, तेव्हा तो "दोरी घेऊन येतो" म्हणाला आणि गेला तो गेलाच. पोलीस झाले, दवाखाने झाले, पेपरात फोटो झाला. बाबा शोधून शोधून थकले आणि त्या थकव्यातच गेले. आईने मात्र पहिल्याच संध्याकाळी रांजणावर ओलं पोतं टाकलं होतं. माती वाळली, तर वरचा थर धरत नाही. तो आल्यावर त्याला गळा चढवता आला पाहिजे ना! तेव्हापासून रोज सकाळी तांब्याभर पाणी त्या पोत्यावर. पोती कुजली, बदलली. मातीला काळपट बुरशीचा वास यायला लागला. आईचा नेम चुकला नाही.

धाकटी आता कलाकार झाली होती, म्हणजे लोक तसं म्हणत. घराण्याच्या रीतीने ती मोठाले रांजण ठोके आणि त्यांच्यावर गल्लीतल्या माणसांच्या कहाण्या कोरे: दोन नवऱ्यांची शिंपीण, पुरात वाहून आलेलं दार, भट्टीच्या उबेला निजणारी आंधळी कुत्री. आईला ही थेरं वाटत.

"यात पाणी भरायचं नाही, धान्य भरायचं नाही. मग भरायचं काय?"

"गोष्टी."

"मग झाकणं कर बाई, उडून जातील."

सगळी गल्ली रांजणांवर आली, दादा तेवढा आला नाही. धाकटी कामसुद्धा मुद्दाम वेड्यावाकड्या तालात करायची, आईला भास नको म्हणून. आणि आता तिच्या रांजणांचं प्रदर्शन भरवणाऱ्या गॅलरीवाल्या बाई हात धुऊन मागे लागल्या होत्या. प्रदर्शनाच्या मधोमध त्यांना तोच हवा होता, अर्धा रांजण, भाजून पक्का केलेला. "त्याच्याशिवाय बाकीचे सगळे मुके आहेत," असं त्या म्हणाल्या होत्या. धाकटीला ते लागलं, कारण ते खरं होतं.

त्या दुपारी तिने पोतं उचललं आणि बॅटरी आत धरली. आतली भिंत तिला आठवत होती, दादाच्या बोटांनी खळ्याखळ्यांची झालेली. ती गुळगुळीत झाली होती. रोजचं पाणी पोत्यातून झिरपून आत ओघळत होतं आणि एकेक बोट पुसून नेत होतं. खाली, पोटाशी, एकच अंगठा उरला होता.

तिने आईला हाक मारली.

"हात घाल आत. काही लागतं का बघ."

आईने खांद्यापर्यंत हात घातला. बराच वेळ चाचपडली. मग तिचा हात थांबला.

"एवढाच?"

"पाण्याने जातोय तो, आई. आपणच घालवतोय. वाळवून भाजला, तर हा एक तरी राहील."

"भाजला, तर गळा कसा चढवेल तो?"

धाकटीने बॅटरी विझवली.

"हे तू त्याच्यासाठी सांगतेस, का त्या प्रदर्शनासाठी?"

"मला माहीत नाही, आई. खरंच नाही माहीत."

आई रात्री जेवली नाही. सकाळी ती तांब्याशिवाय आली. तिने पोतं ओढलं, अंगणात नेऊन घट्ट पिळलं आणि दोरीवर वाळत टाकलं. "वाळू दे," एवढंच म्हणाली आणि तिथेच खाली बसून, तो गेल्यापासून पहिल्यांदाच, मोठ्याने रडली.

रांजण सावकाश वाळला. भट्टी लागली तेव्हा तो तडकणार, या भीतीने धाकटीच्या जिवात जीव नव्हता. पण दार उघडलं, तर तो धड होता. आईने त्यात हात घातला आणि तिचा चेहरा बदलला.

"माझा अंगठा मावत नाही गं यात. परवा केवढा मोठा होता."

"भाजल्यावर माती आक्रसते, आई."

"मला शिकवू नकोस, भट्टीपुढे म्हातारी झाले मी." तिने हात बाहेर काढला नाही. "शाळेत जायचा ना, तेव्हा त्याचा अंगठा एवढा होता."

धाकटीने गॅलरीवाल्या बाईंना फोन केला. रांजण येणार नाही, म्हणाली. मधली जागा मोकळी ठेवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई सवयीने तांब्या घेऊन कोपऱ्यापाशी गेली. तिथे पोतं नव्हतं. ती तशीच उभी राहिली. धाकटी माती मळत होती, तिने वर पाहिलं नाही. मग पाणी पडल्याचा आवाज आला. आईने तांब्या रांजणात ओतला होता. ती परत गेली, आणखी पाणी घेऊन आली. रांजण अर्धा भरेपर्यंत तिच्या फेऱ्या चालल्या.

दुपारी रांजणाला बाहेरून घाम फुटला. सगळ्यात आधी खाली, पोटाशी, जिथे आतून अंगठ्याने भिंत पातळ झाली होती तिथे बोटाएवढा ओला डाग उमटला. आई शेजारी स्टूल ओढून बसली आणि तिने त्यावर तळवा ठेवला.

धाकटीने थापटणं उचललं. दोन ठोके मारले, थांबली, मग एक मारला.

आईने दाराकडे पाहिलं नाही.